पाना हातात घेण्याआधी

गाडीत काही बिघडले की घरीच हात घालावा की गॅरेज गाठावे, हा निर्णय बहुतेक जण पैशांवर घेतात. मला त्याआधी दुसरा हिशेब मांडावासा वाटतो: आपले काम फसले तर ते कुठे कळेल आणि त्याची झळ कोणाला बसेल? एअर फिल्टर, वायपरचे रबर, बॅटरीच्या टर्मिनलवरचा पांढरट क्षार ही कामे चुकली तर चूक बहुधा दारातच उघडी पडते. ब्रेकचे तसे नाही. ब्रेक ऑइल बदलताना नळीत थोडी हवा राहिली, तरी सोसायटीच्या आवारात हळू चालणारी गाडी थांबतेच, आणि काम जमले असे वाटते. शिवाय हे तेल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. कसारा घाट उतरताना ब्रेक सतत तापत राहतात. तेलाची वाफ झाली की दाब चाकापर्यंत पोचत नाही, पेडल मात्र खाली जाते. तिथे ती चूक आपल्यापुरती उरत नाही; पुढच्या दुचाकीवर बसलेल्या कुटुंबाचीही होते.

यावर म्हटले जाते की आजच्या गाड्यांत घरी करण्यासारखे उरलेच काय? यात तथ्य आहे. प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या काळात प्लगची काजळी घासणे, पॉइंट साफ करणे, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून गाडीची चाल बसवणे हे अनेक मालकांना येत असे, कारण गाडी ते करायला लावत असे. १९८३ साली आलेली मारुती ८०० सुद्धा सुरुवातीला कार्ब्युरेटरवरच चालत होती. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, २०२० मध्ये बीएस-६ आले, आणि इंजिनाचा कारभार सेन्सर व संगणकाकडे गेला. तरी टायरमधली हवा, कूलंटची पातळी, डिपस्टिकवरचे तेल, झिजलेला पट्टा हे सारे आजही डोळ्यांना दिसते. स्वस्तातला स्कॅनर बिघाडाचा कोडही दाखवतो. मात्र कोड हे लक्षण असते, निदान नव्हे. इंधनाचे मिश्रण पातळ असल्याचा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलावा, आणि खरा दोष चिरलेल्या व्हॅक्यूम नळीत असावा, असे होऊ शकते. एअरबॅगच्या वायरिंगला आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलना तर प्रशिक्षणाशिवाय हात लावूच नये.

दुसरा आक्षेप अधिक आपल्याकडचा आहे. नाक्यावर कुशल मेकॅनिक आहे, त्याची मजुरीही फार नाही. मग हात काळे कशाला करायचे? पैसे वाचवायचे एवढाच हेतू असेल तर हा आक्षेप मला मान्य आहे. पण गाडी समजण्याचे मोल मजुरीत मोजता येत नाही. जो स्वतः बॉनेट उघडून पाहतो, त्याला बिलातली ओळ वाचता येते, जुना भाग मागून पाहता येतो, आणि चांगल्या कारागिराच्या हाताची किंमतही कळते. माहितीची ही दरी खरी आहे. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना सहज मिळू न दिल्याबद्दल. ज्ञान कोंडून ठेवले की मालक आणि नाक्यावरचा मेकॅनिक, दोघेही अडतात.

म्हणून गाडीच्या वयाप्रमाणे आपला वाटा ठरवावा. वॉरंटीच्या वर्षांत मॅन्युअल वाचावे आणि त्यात मालकाला सांगितलेली देखभाल तेवढी करावी. वॉरंटी संपल्यावर फिल्टर, बल्ब, बॅटरी आपल्याकडे घ्यावी. इंजिन ऑइलही घरी बदलता येते, पण अटींवर: जमीन सपाट हवी, गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवलेली हवी, ड्रेन बोल्ट सांगितलेल्या ताकदीनेच आवळलेला हवा, आणि काढलेले तेल गटारात न ओतता ते रीतसर गोळा करणाऱ्याकडे जायला हवे. यातली एक जरी अट पाळता येत नसेल, तर ते काम आपले नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन मात्र रोज तेच काम करणाऱ्या हातांकडे द्यावे. त्यातले आपले काम एवढेच, की आवाज किंवा ओढ जाणवताच गाडी टाळाटाळ न करता तपासायला न्यावी. आपल्या गाडीवर आपला हक्क आहे, रस्त्यावर मात्र सगळ्यांचा. पाना उचलावा की ठेवावा, हे त्या दुसऱ्या हक्काकडे पाहून ठरवावे.