रंगावर जाऊ नये

जुलै-ऑगस्टमध्ये नैरोबीच्या विमानतळावर मराठी सर्रास कानावर पडतं. मसाई मारात विल्डबीस्टचे कळप नदी ओलांडायला येतात आणि त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईचे सहलीचे गट. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी काही वर्षं नैरोबीत राहिले. या मंडळींपैकी कुणी ना कुणी नात्यातलं किंवा ओळखीचं निघायचं आणि परतीच्या आदल्या रात्री आमच्याकडे जेवायला यायचं. पानं वाढली की फोन बाहेर. सिंह, चित्ता, हत्ती, पुन्हा सिंह. आणि त्यात कुठेतरी चुकून आल्यासारखा एक निळा-लाल सरडा. "हा कोण गं?" एवढं विचारायचा अवकाश, माझी आमटी गार झालीच म्हणून समजा.

इथल्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत गाडीतून उतरता येत नाही. सरड्यासाठी गाडी थांबवा म्हटलं तर सहप्रवासी आयुष्यभर लक्षात ठेवतील. त्यामुळे सरडे भेटतात ते प्रवेशद्वाराशी, जेवणाच्या थांब्यावर, लॉजच्या पायऱ्यांवर. टांझानियात सेरेंगेटीच्या नाबी हिल फाटकापाशी परवान्याची कागदपत्रं होईपर्यंत बराच वेळ जातो. बाकीचे स्वच्छतागृहाच्या रांगेत असतात तेव्हा मागच्या खडकांकडे बघावं. तिथे हमखास एक नर उन्हात बसलेला दिसतो. डोकं, मान, खांदे गुलाबीकडे झुकणारे तांबडे, आणि त्याच्या मागे शेपटीपर्यंत गडद निळा. आजकाल सगळे त्याला स्पायडरमॅन म्हणतात. पुस्तकातलं नाव अगामा म्वान्झाए, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठच्या म्वान्झा शहरावरून दिलेलं. लांबी शेपटीसकट फूटभर. अंग चपटं, कारण धोका दिसला की खडकाच्या भेगेत शिरायचं असतं.

रंगीत सरड्याचं मला अप्रूप नव्हतं. मी साताऱ्याची. चाळकेवाडीच्या पठारावर उन्हाळ्याच्या शेवटी गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा फुलवणारे सरडे मी लहानपणापासून बघत आले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी त्यांना 'सराडा' हे आपलंच नाव लॅटिन थाटात दिलं, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटायचे बाकी राहिले होते. पण आमचा सरडा रंग घडी करून गळ्याखाली ठेवतो. मादी समोर आली किंवा दुसरा नर हद्दीत शिरला की उघडतो. अगामा मात्र दिवसभर सगळा ऐवज अंगावर घालून बसलेला. हे त्याला परवडतं कसं, हा प्रश्न मला पडला, आणि त्याचं उत्तर मला पुस्तकाच्या आधी एका खडकानं दिलं.

सेरेंगेटीतच एका लॉजच्या मागे मोठा ग्रॅनाइटचा खडक होता. बाकीची मंडळी संध्याकाळच्या फेरीला गेली, मी डोकं दुखतंय म्हणून मागे राहिले. (डोकं दुखत नव्हतं.) खडकाच्या माथ्यावर एक झगझगीत नर. खालच्या बाजूला पाच-सहा तपकिरी सरडे, मुंग्या टिपत फिरणारे. मी त्या सगळ्या माद्या धरल्या होत्या. थोड्या वेळानं त्यातला एक जरा वर सरकला आणि माथ्यावरच्यानं दोन पायांवर छाती उचलून जोर काढायला सुरुवात केली. वर, खाली, वर, खाली. वर सरकलेल्यानंही दोन जोर काढले, मग विचार बदलला आणि उतरला. म्हणजे तो नरच होता, पण मान नसलेला. खडकावर एकाचीच सत्ता. बाकीचे नर माद्यांसारखे मातकट कपडे घालून दबून राहतात. सत्ताधाऱ्यानं त्याला कडेपर्यंत पळवलं आणि कडेला थांबला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात, ती मी मोजून घेतली: खडक संपेपर्यंत.

ऊन उतरलं तसा माथ्यावरचा लाल विटायला लागला. आधी कडा करड्या झाल्या, मग खांदे. अंधार पडायच्या आत तो एवढा मळकट झाला, की आधीपासून नजर ठेवून नसते तर मला तोच तो आहे हे सांगता आलं नसतं. थंडीत, अंधारात किंवा मारामारीत हरल्यावर हा रंग असाच उतरतो. तेव्हापासून पाहुण्यांच्या फोटोत 'निळा-लाल' बघितला की मी आधी फोटोच्या कडेला बघते. कडेला एखादा तपकिरी शेपटीचा तुकडा असतोच. फोटो काढणाऱ्यानं कापून टाकलेला, आणि ओळख पटवायला बरेचदा अधिक उपयोगी.

नैरोबीहून वायव्येला रिफ्ट खोऱ्यात उतरलं की नैवाशाजवळ हेल्स गेट उद्यान लागतं. इथे पायी आणि सायकलवर फिरता येतं, म्हणून माझ्या दृष्टीनं ते माराच्या वर. तिथल्या कड्यांवरचा अगामा वेगळा. नारिंगी रंग डोक्यापुरता, फार तर मानेपर्यंत. बाकी अंग निळं आणि शेपटीवर फिके-गडद पट्टे. जुन्या पुस्तकांत याला 'अगामा अगामा' म्हटलेलं सापडेल. नंतर अभ्यासकांनी त्या एका नावाखालचा पसारा उपसला. पश्चिमेकडच्या सरड्यांकडे जुनं नाव राहिलं आणि केनियातल्याला 'अगामा लायनोटस' म्हणायला लागले. या नावानं बूलेंजरनं त्याचं वर्णन १८९६ मध्येच केलेलं होतं. सरडा तोच, त्याच कड्यावर. पण जुन्या अल्बममधल्या पाट्या बदलाव्या लागल्या. माझ्याकडे स्टीफन स्पॉल्स आणि सहकाऱ्यांचं पूर्व आफ्रिकेच्या सरीसृपांचं जाडजूड पुस्तक होतं, २००२ चं. २०१८ ला नवी आवृत्ती आली ती मी सामानात साडीच्या घड्यांमध्ये ठेवून आणली. वजनाच्या नावाखाली नवऱ्यानं आक्षेप घेतला होता. त्याच्या टेनिसच्या रॅकेटला कुणी वजन केलं नव्हतं.

रंग बदलायची कीर्ती शॅमेलिऑनची, आपल्याकडच्या घोयऱ्याची. पण नैरोबीत मला ते ओळखायला रंगाचा काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला उंचीचा. नैरोबी समुद्रसपाटीपासून सुमारे १७०० मीटरवर आहे, जुलैच्या रात्री स्वेटर लागतो. अशा थंडीत जमिनीत पुरलेली अंडी उबणं कठीण. म्हणून इथल्या डोंगराळ भागातले दोन परिचित शॅमेलिऑन अंडी घालतच नाहीत. मादी पिल्लं पोटात वागवते, दिवसभर फांदीवर ऊन खाते आणि थेट पिल्लंच देते. एक जॅक्सनचा, ज्याच्या नराला तोंडावर तीन शिंगं असतात. दुसरा हनेलचा, डोक्यावर उंच शिरस्त्राण आणि नाकाशी एकच बोथट गाठ. हनेल हा ऑस्ट्रियाच्या आरमारातला अधिकारी. १८८७-८८ मध्ये काउंट टेलेकीबरोबर तुर्काना सरोवरापर्यंत गेला होता. जॅक्सन पुढे युगांडाचा गव्हर्नर झाला. तीन शिंगांचा प्राणी १९७२ मध्ये हवाईला नेला गेला, पाळीव प्राण्यांच्या धंद्यासाठी, आणि तिथल्या रानांत सुटून वाढला. अंडी घालणारा, मानेवर पाळ्या असलेला शॅमेलिऑन भेटतो तो बहुतेक खाली, उबदार प्रदेशात. तेव्हा कुणी फोटो पाठवला की मी रंग विचारत नाही. गाव विचारते.

शोधायचे मात्र रात्री. झोपलेला शॅमेलिऑन फिकट पडतो आणि फांदीच्या टोकाला बिलगून असतो. टॉर्चच्या झोतात पानांमध्ये तो पांढुरका उठून दिसतो. आमच्या इमारतीच्या कुंपणाला असे सापडायचे. माळीदादांना हे अजिबात पसंत नव्हतं. दिवसा फांदी छाटताना शॅमेलिऑन दिसला की ते कात्री खाली ठेवून निघून जात, आणि मी त्याला दुसऱ्या झुडपावर ठेवीपर्यंत परतत नसत. बांटू भाषा बोलणाऱ्या समाजांत ठिकठिकाणी सांगितली जाणारी एक गोष्ट आहे. देवानं शॅमेलिऑनकडे निरोप दिला की माणसं मरणार नाहीत. हा रमतगमत निघाला. मागून दुसरा निरोप्या मरणाचा निरोप घेऊन निघाला आणि आधी पोचला. झुलूंच्या गोष्टीत तो दुसरा निरोप्या सरडा असतो, केनियात काही जणांच्या गोष्टीत पक्षी. ज्याच्या दिरंगाईमुळे आपण सगळे मरतो, त्याला हातावर घेऊन फिरणारी बाई माळीदादांना कशी वाटत असेल याची मला कल्पना आहे. मी तो विषारी नाही हे समजावून बघितलं. विषाचा मुद्दाच नव्हता.

घोरपडींचं काम सोपं. बारिंगो सरोवराच्या काठी पाण्यातून डोकं काढून गेली ती नाईल घोरपड. निमुळतं तोंड, काळपट अंगावर पिवळे ठिपके, वल्ह्यासारखी चपटी शेपटी. पाण्यापासून लांब, कोरड्या बाभळींत दिसणारी दुसरी, पांढऱ्या गळ्याची. तिचं नाक फुगीर आणि अंग ठोसर. माझ्या दिरांनी तिथे काठावर उभं राहून तानाजी आणि यशवंतीची सगळी कथा बोटवाल्याला इंग्रजीत सांगितली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, इथल्या तर वाळवीच्या वारुळात अंडी घालतात. दोर बांधून गड चढण्यापेक्षा मला तेच जास्त नवलाचं वाटलं.

किनाऱ्यावर गेलं की हवा बदलते तशी सगळी यादीच बदलते. वाटामूच्या नारळांवर भर दिवसा पाली फिरतात. पिवळ्या डोक्याच्या, बोटाएवढ्या, लायगोडॅक्टिलस गटातल्या. शेपटीच्या टोकालाही चिकटायची गादी, त्यामुळे खोडावर उलट्या लटकून पुन्हा सावरतात. आणि साप हिरवे. एका सकाळी आमच्या मुक्कामाच्या बागेत जास्वंदीत एक हिरवा सडपातळ साप निघाला आणि कामगारांनी हिरवा मांबा म्हणून ओरडा केला. साप पकडणारा माणूस आला, लांब उभा राहिला आणि बराच वेळ काहीच केलं नाही. मला वाटलं घाबरला. तो बघत होता. पुढच्या अंगावर काळे ठिपके; मांबा एकरंगी असतो. डोळा मोठा, मांब्याचं डोकं लांबट, डोळा त्या मानानं लहान. पण मोठ्या डोळ्यांवर भागत नाही, कारण बूमस्लँग या विषारी सापाचा डोळाही मोठा आणि त्याचे नर हिरवे असू शकतात. मग पाठीची खवली: बूमस्लँगच्या खवल्यांना मधोमध कणा असतो, याची पाठ गुळगुळीत होती. ठिपकेवाला झुडूपसाप, बिनविषारी. सगळं जमल्यावरच त्यानं आकडी पुढे केली.

ही सावकाशी कुठून आली ते त्यानं दुपारी चहा घेताना सांगितलं. सप्टेंबर १९५७. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयानं आफ्रिकेतला एक लहान साप फील्ड म्युझियममध्ये ओळखीसाठी पाठवला. ओळखणारे कार्ल श्मिट, सरीसृपांचे जगप्रसिद्ध जाणकार, वय ६७. डोक्याचा आकार, रंग सगळं बूमस्लँगचं. पण शेपटीच्या सुरुवातीला पोटाकडचं जे खवलं बूमस्लँगमध्ये दुभंगलेलं असतं, ते या सापात अखंड होतं. सहकाऱ्याशी या एका खवल्याची चर्चा चालू असताना श्मिटनी साप नीट न धरता उचलला आणि तो अंगठ्याला चावला. पिल्लू, मागचे दात, एकच दात लागलेला. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. आगगाडीनं घरी गेले आणि काय काय होतंय त्याची वेळेसकट टिपणं लिहीत राहिले. बूमस्लँगचं विष रक्ताची गोठायची शक्ती संपवतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. साप बूमस्लँगच होता. त्याचं ते एक खवलं तेवढं नेहमीपेक्षा वेगळं निघालं.

वाटामूतच जेम्स अॅश यांनी सुरू केलेलं बायो-केन हे सर्पकेंद्र आहे. तिथे मी पाहिलेला मोठा तपकिरी थुंकणारा नाग वर्षानुवर्षं काळ्या मानेच्या नागाचाच एक नमुना धरला जात होता. हा वेगळा असावा असं अॅश म्हणत आले. २००७ मध्ये वूस्टर आणि ब्रॉडली यांनी ते सिद्ध केलं आणि त्याला नाव दिलं नाजा अॅशाई. तेव्हा अॅश हयात नव्हते. काचेपलीकडचा तो साप थुंकणाऱ्या नागांत सर्वांत मोठा आहे आणि त्याचा रंग, खरं सांगायचं तर, चिखलाचा आहे.

मागच्या वर्षी पुतण्या मारात जाऊन आला. निघण्यापूर्वी मी त्याला बजावलं होतं: दिसलं की आधी लांबून एक फोटो, कुठे बसलंय ते दिसेल असा, मग जवळून बाजूनं, मग डोकं, आणि जागेचं नाव लिहून ठेव. पोरानं तंतोतंत ऐकलं. लॉजच्या भिंतीवरची एक तपकिरी सापसुरळी, पाठीच्या दोन्ही कडांना फिके पट्टे, चार कोनांतून. ट्रॅकिलेपिस स्ट्रायाटा, दहा सेकंदांत ओळखली. घरांच्या भिंतींवर राहायची तिची सवयच आहे. "काकू, म्हणजे कॉमन आहे का?" त्यानं लिहिलं. हो म्हटल्यावर त्याचा त्या दिवशी पुन्हा मेसेज आला नाही.