कच्चा लिंबू

परळच्या आमच्या टॉवरच्या पोडियमवर संध्याकाळी सहाला मुलांची गर्दी असते. माझी लेक साडेचार वर्षांची. गेल्या महिन्यात ती पाच-सहा मुलांच्या घोळक्याजवळ गेली आणि मी शिकवलं होतं तसं नीट विचारलं, "मी खेळू का तुमच्यात?" एका मुलाने वरही न बघता सांगितलं, "नाही." ती परत येऊन माझ्या ओढणीत तोंड लपवून उभी राहिली.

मग मी मध्ये पडले. आवाजात गोडवा आणून म्हटलं, "अरे, घ्या ना हिला पण." घेतलं त्यांनी. दोन मिनिटांत अख्खा खेळ पलीकडच्या कोपऱ्यात गेला आणि ही इकडे एकटी.

गिरगावच्या चाळीत मला असं विचारायला कोणी शिकवलंच नव्हतं. मी कठड्याला टेकून आवारातली लगोरी बघत बसायचे. चेंडू गटाराकडे गेला की पळत जाऊन आणून द्यायचे. आठवडाभर हे काम केल्यावर तिसऱ्या माळ्यावरची ताई म्हणाली, "ही कच्चा लिंबू." झाली माझी नेमणूक.

ज्यांचं बालपण चाळीत गेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कच्चा लिंबू पळतो, लपतो, ओरडतो, पण आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. भिडू वाटून घेताना त्याला मोजत नाहीत. नवं मूल आलं की रंगलेला खेळ विस्कटतो, म्हणून मुलं "नाही" म्हणतात, आणि त्यात त्यांचं फार चुकतं असंही नाही. कच्च्या लिंबामुळे कोणाचंच काही बिघडत नसे.

शिकागोच्या बालवाडी शिक्षिका व्हिव्हियन पेली यांनी वर्गात नियमच केला होता: तू खेळायचं नाहीस, असं कोणी कोणाला म्हणायचं नाही. त्यावर १९९२ साली त्यांचं पुस्तक आलं. नियम मला आवडतो. पण वर्गात बाई असतात. पोडियमवर मी बाई व्हायला गेले, त्याचं काय झालं ते सांगितलंच.

चाळीचं फार कौतुकही नको. डबा ऐसपैसमध्ये मी एकदा जिन्याखाली कितीतरी वेळ लपून बसले होते. मला कोणी शोधतच नव्हतं. आणि एक मुलगा होता, माझ्याच वयाचा, बोलताना अडखळायचा. त्याला आम्ही दहा वर्षांचा होईपर्यंत कच्चाच ठेवला. तो आउट झाला की "सोड रे, तो कच्चा आहे," असं सगळ्यात मोठ्याने मी ओरडायचे. तोवर मी पक्की झाले होते ना.

आता आम्ही आधी बाकावर बसून नुसतं बघतो. "काय खेळतायत गं?"

"हॉटेल."

"त्यांच्याकडे काय नाहीये?"

तिने बराच विचार केला. मग चाफ्याची गळलेली फुलं ओंजळीत घेऊन गेली आणि काही न विचारता म्हणाली, "गरम भजी आली."

त्या मुलाने याही वेळी वर बघितलं नाही. "इकडे ठेव," म्हणाला.

काल मात्र रडत आली. तिला मालक व्हायचं होतं.