अगस्तीच्या गांवीं अगस्तीचें दर्शन

आपल्या घरांतून भोजनोत्तर पोटावरून हात फिरवितांना अगस्तीचें नांव घेण्याची रीत आहे. पण त्या नांवाचा तारा आकाशांत किती जणांनीं ओळखला असेल? वाचकांपैकीं ज्यांना ही ओळख करून घ्यावयाची असेल, त्यांनीं अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील अकोल्यास एकदां अवश्य जावें.

प्रवरेच्या कांठीं वसलेल्या या गांवीं अगस्तिऋषींचा आश्रम असून महाशिवरात्रीस तेथें यात्रा भरते. हा दिवस तारे पाहणारांस मोठा सोयीचा आहे. माघ वद्य चतुर्दशीस रात्रभर चंद्राची अडचण नसते, आणि रात्रीं आठ-नऊच्या सुमारास अगस्तीचा तारा आपल्या सर्वांत उंच स्थानीं येतो. दक्षिणेकडे तोंड करून उभें राहावें. वर लखलखतो तो व्याध. त्याच्या बराच खालीं, किंचित् पश्चिमेस, एकटाच तेजस्वी तारा दिसतो तो अगस्ति. तेजांत व्याधाच्या खालोखाल त्याचाच मान. हात लांब करून वीत पसरली, तर क्षितिजापासून साधारण तेवढ्याच उंचीवर तो सांपडतो. मग उत्तरेस वळून तशीच वीत धरावी. तिच्या टोकाशीं ध्रुव असतो. अगस्ति सुमारें १८ अंशांवर आणि ध्रुव साडेएकोणीस अंशांवर, असा हा योग आहे.

विंध्य ओलांडून गेलेले अगस्ति परतले नाहींत, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यांचा ताराहि दक्षिणेचाच. काशीस तो १२ अंशच वर येतो, कन्याकुमारीस २९ अंश चढतो, आणि लंडनला तर कधींच उगवत नाहीं. त्याचा प्रकाश येथें पोंचण्यास सुमारें ३१० वर्षें लागतात; आज दिसणारा किरण निघाला, तेव्हां साताऱ्यास शाहूमहाराज राज्य करीत होते.

विजेच्या दिव्यांनीं क्षितिजालगतचें आकाश प्रथम फिकें पडतें, आणि अगस्तीचा मार्ग तेथूनच जातो. यामुळें मोठ्या शहरांत तो सहसा ओळखूं येत नाहीं. अकोल्याच्या पश्चिमेस भंडारदऱ्याकडे, किंवा १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या पायथ्याशीं बारी गांवाकडे काळोख अजून बराच शिल्लक आहे. परंतु जलाशयाकांठीं पर्यटकांचे तंबू व दिवे तेथेंहि वाढत आहेत. तेव्हां वडील मंडळींनीं हें काम पुढील वर्षावर टाकूं नये. मुलाबाळांस बरोबर घ्यावें, एक घोंगडी न्यावी, विजेरीवर तांबडा कागद लावावा, आणि घरांत ऐकलेल्या नांवाचा तारा त्यांना प्रत्यक्ष दाखवावा.