पट्टा कुठून जातो

बूस्टर सीट ही दिसायला अगदीच मामुली वस्तू आहे. तिला स्वतःचे पट्टे नसतात, बटणं नसतात, दाखवण्यासारखं काहीच नसतं. तिचं काम एकच. मुलाला थोडं वर उचलायचं, म्हणजे मोठ्या माणसांसाठी केलेला सीटबेल्ट मुलाच्या अंगावरून योग्य जागेवरून जाईल. एवढ्याशा कामासाठी आठ-नऊ हजार रुपये का मोजायचे, हा प्रश्न आमच्या घरात एप्रिलमध्ये निघाला आणि बरेच दिवस जेवणाच्या टेबलावर मुक्कामाला राहिला.

निमित्त सासऱ्यांच्या गुडघ्याचं. त्यांचं ऑपरेशन पुण्यात झालं, दोन महिने ते आणि सासूबाई आमच्याकडे होते आणि मे महिन्यात त्यांना चिपळूणला परत न्यायचं होतं. एरवी ते एसटीने येतात-जातात, पण नव्या गुडघ्यासह एसटीची पायरी चढणं शक्य नव्हतं. म्हणजे एका हॅचबॅकमध्ये आम्ही पाच जण. त्यात लेक नुकतीच पाच वर्षांची झालेली, उंची ११० सेंटिमीटर, वजन साडेअठरा किलो. तिची आधीची सीट, जिच्यात खांद्यावरून येणारे स्वतःचे पट्टे होते, ती १८ किलोपर्यंतचीच होती. आता नवीन काहीतरी घेणं भाग होतं.

"कशाला गो नवीन सीट?" सासूबाई म्हणाल्या. "मी घेते की मांडीवर. तीन पोरं मांडीवर नेली-आणली, एक कधी पडलं नाही."

हे खरंच होतं. आणि त्यात नुसता हट्ट नव्हता. दोन महिने नात त्यांच्या कुशीत झोपत होती, आता पुढची भेट थेट गणपतीत. गाडीतले ते सहा तास त्यांनी मनात आधीच नातीसाठी राखून ठेवले होते. मी घेणार होते ती सीट म्हणजे त्या दोघींच्या मध्ये येणारं प्लास्टिक.

नवऱ्याने लाईटबिलाच्या पाठीमागे गणित मांडलं. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आपटून थांबली, तर आतला माणूस ज्या वेगाने पुढे जातो तो वेग तिसऱ्या मजल्यावरून पडणाऱ्याच्या वेगाएवढा असतो. थांबायला सेकंदाचा दहावा भाग मिळाला असं धरलं, तर साडेअठरा किलोच्या मुलीला धरून ठेवायला अडीचशे किलोहून जास्त वजन पेलण्याची ताकद लागेल. आईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे मी तिला सोडून देईन, असं म्हणायचंय का तुला?"

यावर गणिताकडे उत्तर नाही. सोडून कोणीच देत नाही, हात सुटतात. पण हे वाक्य कुठल्याही आजीला तोंडावर सांगणं अवघड आहे, आणि ते आम्ही सांगितलं नाही. दोघींना मिळून एकच बेल्ट लावायचा, ही त्यांची तडजोडीची सूचना तर मांडीपेक्षाही वाईट, कारण मग आजीचं सगळं वजन नातीला बेल्टवर चिरडतं. हेही मी नवऱ्यालाच सांगितलं, त्यांना नाही.

कायदा आहे, तसा. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीतून नेलं तर १००० रुपये दंड. पण आजीसमोर कलम काढणारी सून व्हायची माझी तयारी नव्हती.

मग मी दुकानं पालथी घालायला लागले, आणि तिथे एक गोष्ट ध्यानात आली. विकणारे 'सेफ्टी' आणि 'कम्फर्ट' हे दोन वेगळे रकाने करतात. जणू एक डोकं शाबूत ठेवण्यासाठी आणि दुसरा लाड म्हणून. बूस्टरच्या बाबतीत ही विभागणी मला पटत नाही. गाडीच्या मागच्या सीटवर पाच वर्षांचं मूल नुसतं बसवून बघा. त्याच्या मांडीची लांबी सीटच्या खोलीपेक्षा कमी असते. पाठ टेकवली तर गुडघे सीटवरच राहतात, पाय काठीसारखे सरळ पुढे. असं कोण किती वेळ बसेल? दोन मिनिटांत मूल घसरून पुढे येतं, म्हणजे गुडघे दुमडता येतात. आपण म्हणतो, "नीट बस!" ते बिचारं नीटच बसलेलं असतं, त्याच्या परीने. पण घसरल्याबरोबर कमरेवरचा पट्टा वर सरकतो आणि थेट पोटावर येतो.

पट्टा पोटावर आला की सगळंच बिघडतं. मोठ्या माणसाच्या कमरेच्या हाडाला पुढे दोन्हीकडे टोकं असतात, बेल्ट तिथे अडकून राहतो आणि झटका हाडं झेलतात. मुलांमध्ये ही टोकं साधारण दहाव्या वर्षापर्यंत नीट तयार झालेली नसतात. मग पट्टा वर निसटतो आणि झटका आतडी, यकृत, मणका यांच्यावर जातो. खांद्यावरचा पट्टा गळ्याला घासत असतो, म्हणून मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतं. म्हणजे मूल गैरसोय टाळायला जे जे करतं, त्यातलं प्रत्येक पट्ट्याला चुकीच्या जागी नेतं. म्हणून ज्या सीटवर मूल दोन तास आरामात बसू शकत नाही, ती सीट सुरक्षित नाही, छापील प्रमाणपत्रं कितीही असोत.

प्रमाणपत्रं तरीही बघायचीच. आपल्याकडे एआयएस-०७२, युरोपात आर-४४ आणि त्यानंतर आलेलं आर-१२९. सीटवर स्टिकर असतो, त्यावर गोलात 'ई' आणि एक आकडा, म्हणजे १ असेल तर जर्मनी, ४ असेल तर नेदरलँड्स. स्टिकरच नसेल तर ती वस्तू खरोखरच उशी आहे. आर-१२९ मध्ये वजनाऐवजी उंची बघतात आणि बिनपाठीचा बूस्टर १२५ सेंटिमीटरच्या वरच्या मुलांसाठीच असतो. आमचा निर्णय तिथेच झाला, पाठ असलेलाच हवा. त्या पाठीला डोक्याशी दोन्ही बाजूंनी कान असतात आणि खांद्याच्या पट्ट्यासाठी एक खाच असते. कान धक्क्यासाठी आहेत हे खरं, पण झोपलेल्या मुलाची मान त्यांच्यामुळेच बाजूला लोंबत नाही, आणि मान लोंबली नाही की खांदाही पट्ट्याबाहेर जात नाही.

एका दुकानदाराने मला तिकोनी कापडी क्लिप दाखवली, दोनशे रुपयांची. ती कमरेचा आणि खांद्याचा पट्टा एकत्र बांधते, गळ्याला घासत नाही. "मॅडम, काम तेच होतं." होत नाही. ती खांद्याचा पट्टा खाली ओढताना कमरेचा पट्टा वर ओढते, म्हणजे पुन्हा पोटावर. घरच्या उशीचंही तसंच. ती दबते, सरकते, आणि पट्टा खाली धरून ठेवायला तिला काही नसतं. बूस्टरला दोन्ही बाजूंना जी शिंगं असतात, ज्यांच्याखालून कमरेचा पट्टा जातो, त्यांचेच खरे पैसे. ओळखीतल्या एकीने तिची जुनी सीट देऊ केली होती, पण ती आधी कोणाकडे होती आणि तिला कधी अपघातात मार बसला होता का, हे तिलाही ठाऊक नव्हतं. आभार मानून नको म्हटलं.

शेवटी आम्ही लेकीलाच दुकानात नेलं आणि सीट आमच्या गाडीत लावून बघू द्याल का, असं विचारलं. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्याने हो. पार्किंगमध्ये वीस मिनिटं ती तीन सीटांवर आळीपाळीने बसली. पहिली मऊ होती, पण इतकी रुंद की गाडीचं बकल तिच्याखाली गडप. लेकीला ते स्वतः लावता येईना, मलाही बोटं खुपसावी लागली. दुसरीचं कापड जाड आणि झुळझुळीत, पुण्याच्या मे महिन्यात पाठीला घाम फोडणारं. शिवाय गाडीच्या हेडरेस्टमुळे तिची पाठ मागे टेकतच नव्हती. तिसरी दिसायला सगळ्यांत साधी होती. बैठक आखूड, गुडघे काठावर छान दुमडले. कापड जाळीदार आणि काढून धुता येणारं. लेकीने स्वतः 'टक' केलं, पुन्हा सोडलं, पुन्हा 'टक' केलं. मग तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "इथून रिक्षावाल्याचा टकला दिसतो." खरेदी झाली.

आता बसायचं कसं? आमच्या गाडीत मागे मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा आहे, आणि नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर चालत नाही. म्हणजे बूस्टर खिडकीशी. पुढे सासरे, पाय लांब करून. दुसऱ्या खिडकीशी आई, आणि मधल्या उंचवट्यावर मी. पण आदल्या रात्री आई म्हणाल्या, "मध्ये मी बसते, तिच्याजवळ." मधल्या जागेत त्यांना खांद्याचा पट्टा मिळाला नसता. मी नाही म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

सकाळी निघताना मी लेकीचा पट्टा बघत होते. कमरेचा पट्टा मांडीच्या मुळाशी सपाट, खांद्याचा खांद्याच्या मधोमध. तेवढ्यात आईंनी स्वतःचा बेल्ट ओढला, लावला आणि सवयीने खांद्याचा भाग काखेखाली सरकवला.

"आई, असं नको."

"अगो, काचतो गळ्याला. पहिल्यापासून काचतो."

त्यांची उंची १४८ सेंटिमीटर आहे. जर्मनीत बारा वर्षांखालच्या मुलाला १५० सेंटिमीटरपर्यंत सीट लागते. अमेरिकेत मुलाला नुसता बेल्ट कधी बसू लागतो याचा सर्वसाधारण आकडा १४५ च्या आसपासचा. म्हणजे माझी सासू आयुष्यभर ज्या बेल्टबद्दल तक्रार करत आली, तो तिच्या अंगाला जेमतेम बसणारा होता. सगळ्यांनी तिला "सवय होईल" असंच सांगितलं असणार. आपल्या आया, आज्या, मावश्यांमध्ये या उंचीच्या बायका किती आहेत, ते तुम्हीच मोजा.

मी त्यांना सीटवर पूर्ण मागे सरकायला सांगितलं, थोडं माझ्या बाजूला घेतलं, पाठीमागची प्रवासी गादी काढून टाकली, पदर सपाट केला. पट्टा गळ्यावरून खांद्यावर आला, अगदी काठाने. "असा होय," त्या म्हणाल्या. मग बूस्टरकडे बघून, "हिच्यासारखी मला पण आणायची होतीस एक." सासरे पुढून हसले. मीही हसले, पण मला त्यात चेष्टा करण्यासारखं काही दिसत नव्हतं.

खंबाटकी, सातारा, उंब्रज. चहासाठी थांबलो तेव्हा गाडी उन्हात राहिली, म्हणून बकलवर पांढरा सुती पंचा टाकून ठेवला आणि बसण्याआधी काढला. पाटणकडे डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या मोजायचा खेळ आजी-नातीचा जुनाच, फक्त या वेळी तो माझ्यावरून चालला होता. एकीचं बोट डावीकडून, दुसरीचं उजवीकडून. कोयनानगरच्या पुढे लेक झोपली. डोकं त्या कानाला टेकलं, पट्टा होता तिथेच राहिला. कुंभार्लीच्या वळणांवर आईंनी माझ्या मांडीवरून हात लांब करून तिचा पाय धरला आणि चिपळूण येईपर्यंत सोडला नाही. त्यांचा हात अवघडला असणार. मी तो बाजूला केला नाही.

घरी पोचल्यावर लेकीने बूस्टर गाडीत राहू दिला नाही. आजीकडच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या तिला बुटक्या पडतात. रात्री आमटीभात खायला ती त्याच्यावर चढून बसली, तेव्हा आईंनी मुकाट्याने उठून जुनं वर्तमानपत्र आणलं आणि कापडाला डाग नको म्हणून तिच्याखाली पसरलं.