कशावरून?

8 जून, कऱ्हाटी

मृग लागला. शाळा उघडायला अजून आठवडा आहे, पण दहावीचा जादा तास सकाळी भरतो. आजपासून इंग्रजीचा भविष्यकाळ घेतला. मुलं गाइडमधला तक्ता पाठ करूनच आली होती: आय आणि वुईला शॅल, बाकी सगळ्यांना विल, पुढे चार प्रकार आणि प्रत्येकाची एकेक ओळ. तक्ता घडाघडा म्हणून झाला. मग विचारलं, ‘आज पाऊस येईल का, इंग्रजीत सांगा बरं.’ वर्ग गप्प.

मुलांना मराठीची सवय आहे. जाईन, जाशील, जाईल, जाऊ: आपल्याकडे भविष्यकाळ क्रियापदाच्या अंगातच असतो. ‘जातो’ आणि ‘जाते’ वेगळं, पण ‘जाईन’ मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. इंग्रजीत भूतकाळाला ‘एड’ लागतं, भविष्यकाळाला स्वतःचा प्रत्ययच नाही. मग ती भाषा इकडून तिकडून काम भागवते. कधी विल, कधी गोइंग टू, कधी सरळ वर्तमानकाळ. त्यातलं काय कधी घ्यायचं हे तक्ता सांगत नाही, आणि मुलं अडतात ती नेमकी तिथंच.

10 जून

शॅलवरून एका मुलाने हट्टच धरला. गाइडमध्ये ‘आय शॅल’ आहे, मग तुम्ही ‘आय विल’ का लिहिता? प्रश्न रास्त आहे, उत्तर नीट द्यायला हवं.

जॉन वॉलिस नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1653 साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्ये. पहिल्या पुरुषाला शॅल, दुसऱ्या-तिसऱ्याला विल, ही वाटणी त्यात आहे. पुढच्या व्याकरणकारांनी ती उचलली. आपल्याकडे ती रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड पुस्तकामुळे घरोघर गेली. त्यातले रेन हिंदुस्थानातल्या शिक्षण खात्यात नोकरीला होते. आज बोलण्यात ‘आय विल’ हेच चालतं. शॅल उरलं ते ‘शॅल वुई गो?’ असं विचारताना, नाहीतर कायद्याच्या भाषेत. संविधानाच्या अनुच्छेद 14 मध्ये राज्याने समानता नाकारायची नाही असं सांगताना इंग्रजीत शॅल आहे. तिथे उद्या काय होईल हा प्रश्नच नाही, ते राज्यावरचं बंधन आहे. हे सांगितल्यावर मुलगा म्हणाला, ‘मग परीक्षेत काय लिहू?’ विल लिही म्हटलं.

13 जून

सकाळीच पश्चिमेला काळं भरून आलं. खिडकीजवळची मुलगी ओरडली, ‘मॅडम, येतोय बघा पाऊस!’ मी खडू तिच्याच हातात दिला. ‘येतोय’ म्हणालीस ते कशावरून? ‘ढग दिसतंय की.’ मग इंग्रजीत: इट इज गोइंग टू रेन. पुरावा डोळ्यांसमोर असला की गोइंग टू. आणि तिची आजी नुसतीच म्हणत असेल की यंदा पाऊस चांगला होईल, तर विल. तो अंदाज, तो विश्वास.

‘कशावरून?’ हा प्रश्न विचारल्यापासून वर्ग जागा झाला. ‘आम्ही बाजरी पेरणार’ कशावरून? बियाणं आणून ठेवलंय, ठरलंय: वुई आर गोइंग टू सो बाजरा. ट्रॅक्टरवाल्याशी सोमवार पक्का झालाय: ही इज कमिंग ऑन मंडे. कुणी दप्तर उचलायला वाकलं आणि शेजारचा त्या क्षणी म्हणाला ‘थांब, मी घेतो’: आय विल टेक इट. तिथे आधी काही ठरलेलं नव्हतं.

जानाई-शिरसाई उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावरून मात्र वाद झाला. जिरायती पट्ट्यातल्या मुलांना हा विषय तोंडपाठ. एक म्हणाला, इज कमिंग. दुसरा म्हणाला, विल कम. मी निकाल दिला नाही. आवर्तनाची तारीख घरी विचारून या आणि मग लिहा, म्हटलं.

पावसाने आज हूल दिली.

17 जून

शाळा सुरू झाली. आज सगळ्या वह्यांत एकच चूक: ‘इफ इट विल रेन, वुई विल सो.’ ही चूक तक्त्यातून येते. पाऊस उद्याचा, मग विल हवंच, असा मुलांचा हिशेब.

फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: पाऊस पडला तर पेरू. विचारलं, ‘पडला’ हे कोणत्या काळाचं रूप? भूतकाळाचं. पाऊस तर अजून पडायचाय! मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आयुष्यभर बोलत आलेलं वाक्य त्यांनी आज पहिल्यांदा उलगडून पाहिलं. अटीच्या भागात आपण एरवी ‘पडेल तर’ म्हणत नाही, ‘पडला तर’ म्हणतो. इंग्रजीही तिथे विल घेत नाही, साधा वर्तमानकाळ घेते: इफ इट रेन्स, वुई विल सो. व्हेन, बिफोर, अंटिल यांच्यापुढेही तसंच. दोन्ही भाषा अटीला भविष्यकाळ देत नाहीत, फक्त त्याऐवजी घेतलेलं रूप वेगळं. हे एकदा कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. मला आजचा तास फार आवडला.

21 जून

दुपारच्या सुट्टीत गेटाबाहेरून एकाने हाक मारली, वर्गातला दुसरा ओरडला, ‘आलो, आलो!’ जागचा हललाही नव्हता. हेच पोरगं उद्या नोकरीच्या फोनवर ‘आय केम’ म्हणेल आणि समोरच्याला वाटेल हा पोचला. लगेच तास तिथूनच सुरू केला. आलोच, निघालोच, झालंच म्हणा: आय ॲम कमिंग, आय ॲम लीव्हिंग, इट इज ऑलमोस्ट डन. बारामती एमआयडीसीत मुलाखतीला जाणाऱ्या पोरांना याची गरज व्याकरणाच्या चार प्रकारांपेक्षा जास्त आहे.

28 जून

तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामांची यादी कुणीतरी आणली. उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, मग बेलवाडीचं रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. यादी पाहताच मनात आलं, हाच तर साधा वर्तमानकाळ. द पालखी लीव्ह्ज बारामती इन द मॉर्निंग. अजून व्हायचंय, तरी विल नको, कारण ते वेळापत्रकात बसलंय. एसटीचंही तेच, शाळेच्या घंटेचंही तेच. पण ‘मी उद्या मामाकडे जातो’ याचं ‘आय गो टुमारो’ होत नाही. माणसाचा बेत म्हणजे वेळापत्रक नव्हे, तिथे आय ॲम गोइंग.

मागच्या बाकावरचा मेंढपाळाचा मुलगा सहसा बोलत नाही. त्याचे वडील दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परततात. पूर्ण भविष्यकाळाला त्यानेच वाक्य दिलं: पुढच्या मृगापर्यंत दे विल हॅव रीच्ड होम. कशावरून, असं विचारायच्या आत तो म्हणाला, ‘दरसालचं हाय मॅडम.’

3 जुलै

रात्री चांगला पाऊस झाला. आज निम्मा वर्ग पेरणीला. ‘विल हॅव बीन डुइंग’ हा शेवटचा प्रकार राहिला आहे. तो वाचताना ओळखता आला की दहावीला पुरे. त्यावर आठवडा घालवण्यापेक्षा तो वेळ ‘इफ’च्या वाक्यांना द्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. माझ्यासारखंच जे इंग्रजी शिकवतात त्यांना एवढीच विनंती: तक्ता फळ्यावर लिहायच्या आधी मुलांना त्यांच्या घरचा, शेतातला एखादा उद्याचा बेत विचारा, आणि तो पक्का आहे हे कशावरून म्हणतोस, असंही विचारा. रूप त्यानंतर सांगा.