वासनांची नोंद

लीळाचरित्राकडे मराठीतील आद्य गद्यचरित्र म्हणून पाहिले जाते. सामग्रीच्या जतनाचा दाखला म्हणून क्वचितच. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. साक्षी गोळा करणे आणि त्यांची छाननी करणे, ही दोन्ही कामे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील रिद्धपुराच्या परिसरात झाली. पुढे खलजींच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे पंथाची परंपरा सांगते. अनुयायांनी स्मरणातून संहिता पुन्हा उभी केली, तेव्हा स्मरणे एकमेकांशी जुळेनात.

खरा कस लागला तो येथे. एक पाठ प्रमाण ठरवून उरलेले टाकून देणे सोपे होते. पंथीयांनी तसे न करता ज्याचे स्मरण वेगळे, त्याची ‘वासना’ म्हणून नोंद ठेवली. हा हिराइसेचा पाठ, हा परशरामबासांचा. अशिक्षित म्हणून ज्यांची उपेक्षा व्हायची त्या स्त्रियांचे स्मरणही त्यात नावानिशी आले, हे विशेष. नागपूरच्या वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या पडताळून १९७८ साली लीळाचरित्राची आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागे नोंदी राखण्याची ही परंपरा उभी आहे.

चौदाव्या शतकापासून पंथाने पोथ्या सकळ लिपीत बंद केल्या. पोथ्या टिकल्या, पण किल्ली हाती नसलेल्यास विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या निरर्थकच होत्या. ते निदान हेतुपूर्वक होते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकित केलेल्या मराठी नोंदी आज उघडल्या, तर फाँटाअभावी रोमन अक्षरांचा नुसता ढीग दिसतो. ही सकळ लिपी कोणी ठरवून योजलेली नाही, आणि तिची किल्ली कोणत्याही परंपरेने सांभाळलेली नाही.

प्रबंध आता ‘शोधगंगे’वर जातो. ज्या मुलाखतींवर तो उभा असतो त्या मात्र सहसा जात नाहीत. झाडीपट्टीतील एखाद्या बाईने जात्यावरची ओवी कोणत्या गावी, कोणत्या अटीवर म्हटली, आणि कोणती ओवी बाहेर सांगू नकोस म्हणून बजावले, हे ध्वनिफितीच्या वेष्टनावर शिसपेन्सिलीने लिहिलेले असते. कधी तेवढेही नसते. अभ्यासक निवृत्त झाला की खोली रिकामी करावी लागते, आणि कपाटातले काय ठेवायचे ते विभागाचा शिपाई ठरवतो.