कावळ्याचं घर

रानावर, पाखरांवर लिहिणारे मारुती चितमपल्ली गेल्याची बातमी रात्री फोनवर वाचली. १८ जून २०२५. मृग सरत आला होता. आमच्या वरवट बकालच्या शिवारात कोणी पेरून मोकळं झालं होतं, कोणी आभाळाकडे पाहत बियाण्याच्या थैल्या घरात राखून होतं. सोलापुरात, जिथे जन्मले तिथेच, वयाच्या ९२व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. फोन बाजूला ठेवला आणि डोळ्यांपुढे आले ते आमचे आबाजी आणि धुऱ्यावरचा आंबा.

रोहिणी लागली की आबाजी मला घेऊन धुऱ्याधुऱ्यानं हिंडत. मान वर, कपाळावर आडवा हात. ते कावळ्याचं घर शोधत. आंब्यावर सापडलं की चेहरा खुलायचा. "यंदा कावयानं आंब्यावर घर केलं, पानी बरा राहीन." बाभळीवर दिसलं तर गप्प होत, आणि घरी आल्यावर वडलांना सांगत, "हात आखडून पेरा लागते बाप्पा."

शाळेत मी हे मोठ्या हौसेनं सांगितलं तर सगळा वर्ग हसला. ही अडाण्यांची समजूत आहे, असं गुरुजींनी सुनावलं. त्या वर्षीच्या रोहिणीत मी आबाजींसोबत गेलो नाही. अभ्यासाचं निमित्त सांगितलं. ते एकटेच गेले, त्याचं शल्य अजून आहे.

पुढे अकोल्याला शिकताना चितमपल्लींचा पावसावरचा लेख हाती पडला. कावळ्यानं आंबा, करंज अशा झाडांवर घरटं केलं तर पाऊस चांगला, बाभळीसारख्या काटेरी झाडावर केलं तर कमी, हे त्यात होतं. घरट्याची दिशा होती, अंड्यांची संख्या होती. आमच्या धुऱ्यावरचं बोलणं स्वच्छ अक्षरांत छापलेलं! त्या शनिवारी गावी आलो आणि ओसरीवर बसून आबाजींना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, "हा मानूस कोन्या गावचा?"

"सोलापूरचा. पण जंगल खात्यात होते. आपल्या मेळघाटातूनच निवृत्त झाले, १९९० साली."

"मंग त्याले मालूम असनच," आबाजी म्हणाले. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. मला मात्र गळ्याशी आलं.

गावातून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची निळी ओळ दिसते. तिथलं आमच्या तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्य आज मेळघाट व्याघ्र प्रकल्पातच मोडतं. त्या डोंगरात आदिवासी, गुराखी, कोळी जे बोलतात ते चितमपल्लींनी शिष्यासारखं ऐकलं. नवेगावबांधला माधवराव पाटलांकडून ते रान शिकले, आणि हे ऋण त्यांनी कधी लपवलं नाही. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार असे शब्द त्यांच्यामुळे आपल्या तोंडी आले. 'पक्षिकोश' उघडला की एकेका पाखराची किती नावं! ती ठेवणारी माणसं बहुतेक कधी शाळेत गेली नसतील.

२००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला ऑस्ट्रेलियात स्टीव्ह आयर्विन पाकट माशाचा काटा छातीत घुसून गेला. मगरीवर झेप घेणारा तो ४४ वर्षांचा माणूस आम्ही टीव्हीवर पाहत होतो. त्याच्या जाण्यानं चौकातली पोरंही हळहळली. त्यानं आम्हाला दूरचं रान दाखवलं. चितमपल्लींनी धुऱ्यावरचं दाखवलं, आणि ते पाहणारे आमचे आबाजी खुळे नव्हते हेही दाखवलं.

कावळ्याचं भाकीत दर साली खरं ठरतं असं मी म्हणणार नाही. आंब्यावर घर असूनही पावसानं ताण दिलेली वर्षं मी सोसली आहेत. पण पेरण्याआधी महिनाभर झाडं न्याहाळणारा शेतकरी आणि मोबाइलवरचा अंदाज पाहून तिफन जुंपणारा शेतकरी, यांत रानाशी नातं कोणाचं, हे मला ठाऊक आहे.

मागे एकदा वादळात एक घरटं खाली आलं होतं. हातात घेऊन पाहिलं. बाहेरून बाभळीच्या काटक्या, त्यात कुंपणाच्या तारेचे तुकडे अडकवलेले, खताच्या पोत्याची सुतळी. आत नारळाची शेंडी आणि बैलाचे केस. एक अंडं शाबूत होतं, निळसर हिरवं, तपकिरी ठिपक्यांचं. आबाजी असते तर अंडी किती होती ते आधी विचारलं असतं.

१९ जूनला सकाळीच शेतात गेलो. नातू सोबत होता. कावळीण आंब्यावर होती, पूर्वेकडच्या फांदीवर. त्यानं बोट करून दाखवलं आणि मी त्याच्याच वहीत तारीख घालून तेवढं लिहून घेतलं.